प्रायव्हेट ॲरे आणि मोकाट गेटर: एनकॅप्सुलेशनचा सराव कसा करून घ्यावा?

सरावशाळा (धागाकर्ती)

सोलापुरात अशोक चौकाजवळ संध्याकाळी मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचा सराव घेते. मुलं डिप्लोमाची, बीसीएची, काही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची. एनकॅप्सुलेशनची व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ असते: डेटा आणि त्यावर काम करणाऱ्या मेथड एकत्र बांधायच्या, डेटा प्रायव्हेट ठेवायचा, बाहेरच्यांसाठी गेटर-सेटर (किंमत देणारी आणि किंमत बदलणारी मेथड). इंट, डबल, स्ट्रिंगपर्यंत हे नीट चालतं. ॲरे (एकाच प्रकारच्या किमतींची ओळीनं लावलेली घरं) आला की गाडी रुळावरून घसरते, आणि घसरलेली कुणाला दिसतही नाही, कारण प्रोग्रॅम चालतो आणि आउटपुट बरोबर येतं.

माझा नेहमीचा प्रश्न असा. ‘माग’ नावाचा क्लास. आत मागाचा क्रमांक आणि सोमवार ते रविवार निघालेल्या चादरींच्या नगांचा सात घरांचा इंट ॲरे. दोन्ही प्रायव्हेट. मुलं एडिटरला सांगून गेटर बनवून घेतात. ॲरेच्या गेटरमध्ये एकच ओळ असते: रिटर्न नग. मग मी त्यांच्या मेनमध्ये दोन ओळी घालते (इथे फोनवर वाचता याव्यात म्हणून देवनागरीत):

इंट[] क = माग१.नगद्या();
क[२] = -५००;

झालं. मागाचा बुधवार उणे पाचशे. ‘ऋण संख्या घ्यायची नाही’ ही तपासणी मुलांनी सेटरमध्ये मनापासून लिहिलेली असते, पण तिला कुणी विचारलंच नाही.

माझं मत आता पक्कं झालंय: ॲरेसाठी गेटर लिहायला शिकवूच नये. आधी विचारावं, बाहेरच्याला नक्की काय हवंय? आठवड्याची बेरीज? एका वाराचे नग? सगळ्यात चांगला दिवस? तेवढ्याच मेथड द्याव्यात. ॲरे आत राहू दे.

तुम्ही शिकवत असाल, शिकत असाल किंवा रोज हेच काम करत असाल तर सांगा. कोणते प्रश्न सोडवल्यावर हे डोक्यात पक्कं बसलं? आणि ॲरेची प्रत देण्याचा विषय कधी काढावा?

कडक_भाकरी

उणे पाचशे चादरी म्हणजे मागानं गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या ओढून परत घेतल्या काय बे!

हुतात्मा_एक्सप्रेस

धागा काढल्याबद्दल आभार. पुण्यात नोकरीला आहे, आठवड्याच्या शेवटी सोलापूर. नव्या मुलांचा कोड तपासताना हेच दिसतं. आणखी एक समजूत इतकी खोल रुजलेली आहे की ती वेगळी काढावी लागते: ‘फायनल’. ॲरेच्या आधी फायनल लिहिलं की तो बदलत नाही असं मुलांना वाटतं. फायनलनं एवढंच होतं की त्या नावाला दुसरा ॲरे लावता येत नाही. आहे त्या ॲरेच्या घरांत काय घालायचं त्यावर फायनलचा काही ताबा नाही. पब्लिक स्टॅटिक फायनल ॲरे लिहून ‘हे आमचे कॉन्स्टंट’ म्हणणारे अनुभवी लोकही भेटतात.

सरावात एक प्रश्न असा ठेवा: फायनल ॲरे, त्याचं पहिलं घर बदला, प्रोग्रॅम कंपाइल होईल का ते आधी वहीत लिहा, मग चालवून बघा.

दुसरं_वर्ष

मॅडम, एक विचारू का? मागाचा क्रमांक इंट आहे. त्याचा गेटर दिला आणि बाहेर तो बदलला तर आतला बदलत नाही. मग ॲरेचाच का बदलतो? दोन्ही प्रायव्हेटच आहेत ना?

पूर्वभाग

@दुसरं_वर्ष, प्रश्न एकदम नेमका विचारलास. जावात इंट परत दिला की त्याच्या किमतीची नक्कल जाते. ॲरे मात्र ऑब्जेक्ट आहे, तो मेमरीत एकीकडं बसलेला असतो आणि तुझ्या ‘नग’ या नावात फक्त त्याचा संदर्भ असतो. गेटरनं परत दिली ती संदर्भाची नक्कल. म्हणजे गोदाम एकच, तू दुसऱ्याला किल्लीची डुप्लिकेट काढून दिलीस. प्रायव्हेट हा शब्द ‘नग’ या नावाला राखतो, त्या नावानं दाखवलेल्या ॲरेला नाही.

वहीत काढून बघ. डावीकडं चौकोन, त्यात माग१. त्यातून बाण उजवीकडच्या सात घरांकडं. आता मेनमधला ‘क’ काढ आणि त्याचा बाण. दोन्ही बाण एकाच ठिकाणी गेले की तुला कुणी समजवायची गरज नाही.

मग तोच ॲरे थेट छापून बघ. चौकटी कंस, आय, ॲटची खूण आणि पुढं काहीतरी अक्षरं-आकडे येतील. आमच्या वर्गातली पोरं त्याला एरर समजायची. तो एरर नाही, ऑब्जेक्टची ओळख छापली जाते. आतले आकडे बघायचे तर ॲरेज क्लासची टूस्ट्रिंग मेथड लागते.

अक्कलकोट_रोड

मला मूळ प्रश्नच जुना वाटतो. आजकाल ॲरे वापरतं कोण? ॲरेलिस्ट द्या, विषय संपला. ती १९९८ पासून जावात आहे. साइज वाढते, ॲड-रिमूव्ह तयार मिळतं.

सरावशाळा

@अक्कलकोट_रोड, ॲरेलिस्टचा गेटर दिला तर बाहेरचा माणूस थेट क्लिअर म्हणेल आणि आठवडा कोरा होईल. ॲरेत निदान सात घरं सातच राहतात, इथे तीही हमी गेली.

अनमॉडिफायेबललिस्ट गुंडाळून देता येते, पण ती खिडकी आहे, नक्कल नाही. बाहेरच्याला बदलता येत नाही हे खरं, तरी आतली यादी बदलली की त्याला बदललेलीच दिसते. जावा १० मध्ये आलेली लिस्ट.कॉपीऑफ खरी प्रत देते. हा फरक मुलांच्या लक्षात यायला हवा असेल तर आधी साध्या ॲरेवर हात बसायला हवा, म्हणून मी ॲरे सोडत नाही.

सी_प्लसवाला

प्रत, प्रत, प्रत! दर वेळी नक्कल काढायची म्हणजे मेमरी आणि वेळ दोन्हींची उधळण. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टरचा कॉन्स्ट रेफरन्स परत द्या. नक्कल होत नाही आणि समोरच्याला बदलताही येत नाही. कंपायलरच अडवतो. जावावाल्यांना ही सोय नाही म्हणून एवढा खटाटोप.

हुतात्मा_एक्सप्रेस

@सी_प्लसवाला, कॉन्स्ट रेफरन्स चांगलाच आहे, पण मूळ ऑब्जेक्ट संपल्यावर तो रेफरन्स कुठे बघतो हेही मुलांना सांगावं लागतं. शिवाय तुमच्याकडे चौकटी कंसानं व्हेक्टरच्या हद्दीबाहेर गेलं तर भाषा काहीच हमी देत नाही, ॲट वापरलं तरच एक्सेप्शन मिळतं. जावा प्रत्येक इंडेक्स तपासते. शिकणाऱ्यासाठी ते मोलाचं आहे.

खर्चाचं म्हणाल तर सात इंटची नक्कल म्हणजे काहीच नाही. दहा लाख घरांचा ॲरे असेल आणि कुणी तो लूपमध्ये पुनःपुन्हा मागत असेल तर मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तिथे प्रत देऊ नये, आणि मूळ ॲरेही देऊ नये. इंडेक्स घेऊन एक किंमत परत करणारी मेथड द्यावी.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही हेच केलेलं आहे. स्ट्रिंगचं टूकॅरॲरे दर वेळी नवा ॲरे देतं. ईनमचं व्हॅल्यूज तर प्रत्येक हाकेला नवी नक्कल देतं. ज्यांनी भाषा बांधली त्यांनी हा खर्च समजून-उमजून सोसला.

होटगीकर

त्यांनाही एकदा हे महाग पडलं होतं. १९९७ ची गोष्ट. त्या वेळी ब्राउझरमध्ये ॲपलेट (वेबपानातले छोटे जावा प्रोग्रॅम) चालायचे आणि जेडीके १.१ मध्ये ॲपलेटवर डिजिटल सही करायची सोय आली होती. कोणत्या क्लासवर कुणाची सही आहे ते सांगणारी गेटसाइनर्स नावाची मेथड होती. ती ॲरे परत द्यायची, आणि तो ॲरे आतला मूळचाच. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की परका ॲपलेट हा ॲरे मागून घेऊन त्यात दुसऱ्या विश्वासू सहीवाल्याची नोंद घालू शकतो आणि त्याचे अधिकार उपटू शकतो. इलाज काय केला? ॲरेची प्रत परत द्यायची.

आपल्या ‘माग’ क्लासमधली ‘रिटर्न नग’ ही ओळ आणि ती ओळ, दोन्ही एकच. वर्गात हे सांगाच. पोरं सरसावून बसतात.

सरावशाळा

होटगीकर, हे उद्याच सांगते. फार उपयोगी.

निवृत्त_मास्तर

चर्चा वाचून आनंद झाला. मी शिकवायला लागलो तेव्हा फोरट्रान आणि पास्कल होतं, क्लास हा प्रकार नव्हता. तरीही लपवण्याचा विचार होता, आणि तो या गेटर-सेटरच्या व्याख्येपेक्षा खोल होता.

१९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी मोठ्या प्रोग्रॅमचे तुकडे कसे पाडावेत यावर एक निबंध लिहिला. काम ज्या क्रमानं होतं त्या क्रमानं तुकडे पाडू नका, जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात ठेवा, असा त्यांचा आग्रह. डेटा कोणत्या रचनेत साठवला आहे हा असाच एक निर्णय. म्हणजे उणे पाचशे अडवणं हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा असा की उद्या ॲरे काढून दुसरं काही घातलं तर बाहेर कुणाला कळूही नये.

म्हणून माझी सूचना. मुलांकडून ‘माग’ लिहून घ्या, मेन लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी सांगा: मेनला हात लावायचा नाही, आतला ॲरे काढा आणि ॲरेलिस्ट घाला. ज्यांनी फक्त बेरीज, वाराचे नग अशा मेथड दिल्या त्यांचं मेन तसंच चालेल. ज्यांनी ॲरेचा गेटर दिला त्यांच्या मेनमध्ये एररच्या लाल रेघाच रेघा. लपवायचं कशासाठी हे त्या रेघा बघून कळतं, व्याख्या पाठ करून नाही.

कडक_भाकरी

मास्तर, +१. व्याख्येपेक्षा लाल रेघ भारी.

प्रॅक्टिकलवाला

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. वर्गात साठ मुलं, लॅबला दोन तास, निम्म्या मशीनवर जावा धड इन्स्टॉल नाही. परीक्षेत प्रश्न येतो: ‘एनकॅप्सुलेशन उदाहरणासह स्पष्ट करा.’ प्रायव्हेट डेटा आणि गेटर-सेटर लिहिले की मार्क मिळतात. ज्या मुलाला अजून फॉर लूपमध्ये शेवटचा इंडेक्स चुकतोय, त्याला संदर्भ, प्रती, १९९७ चे ॲपलेट सांगून काय साधणार? आधी साधं पक्कं करू द्या. बारकावे नोकरीत गेल्यावर कळतील.

पूर्वभाग

@प्रॅक्टिकलवाला, तुमची अडचण खरी आहे. पण साधं म्हणजे काय? माझ्या मते बेरीज देणारी मेथड हीच गेटरपेक्षा साधी. फॉर लूप येतो, ॲरे येतो, क्लास येतो. गेटर एडिटर लिहितो, त्यात पोराचा हात कुठं बसतो?

आमच्या पूर्व भागात बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी, आणि कॉलेजात गेलं की पुस्तक इंग्रजी. त्यांना व्याख्या पाठ करायला लावली की ती नुसती पाठच होते. मागाचं उदाहरण घेतलं की घरातलीच गोष्ट असते. वडील शिफ्टवरून आले की नग किती निघाले हे जेवताना बोललं जातं. त्या पोराला विचारा, ‘कारखान्यातल्या नोंदवहीत कुणीही येऊन आकडा बदलला तर?’ तो लगेच म्हणेल, ‘चालणार नाही, नोंद करणाऱ्यानंच करायची.’ एनकॅप्सुलेशन त्याला आधीपासून ठाऊक आहे.

आणि ह्या उदाहरणात एक गुंता आहे, तो मुद्दाम सांगतो. जावात नवा इंट ॲरे केला की सगळ्या घरांत शून्य असतं. आता गुरुवारी शून्य दिसलं तर माग बंद होता की नोंद राहिली? सूत नाही म्हणून माग बंद राहणं आणि लिहायचं विसरणं ह्यात हिशेबाला जमीन-अस्मानाचा फरक. हे ठरवायचं काम कुणाचं? क्लासचं. आत दुसरा बूलियन ॲरे ठेवा ‘नोंद झाली का’ म्हणून, किंवा सुरुवातीला सगळीकडं उणे एक भरून ठेवा. बाहेरच्याला हे काही कळायचं कारण नाही, त्याला ‘नोंदआहेका’ विचारता आलं की पुरे. दोन ॲरे एकमेकांशी जुळते ठेवायचे असले की प्रायव्हेट कशाला हवं ते आपोआप उमगतं.

प्रॅक्टिकलवाला

शून्याचा मुद्दा पटला. दोन ॲरेवाला प्रश्न लॅबमध्ये घालता येईल. साठ मुलांचं गणित मात्र तसंच आहे.

शून्यापासून

शून्याचा विषय निघालाच आहे म्हणून: पहिलं घर शून्य क्रमांकाचं का, हे मुलं हमखास विचारतात. एड्सगर डाइक्स्ट्रा यांचं १९८२ चं छोटं टिपण आहे याच्यावर. त्यांचा युक्तिवाद साधारण असा: हद्द सांगताना खालची संख्या धरायची आणि वरची वगळायची. मग दोन्हींची वजाबाकी म्हणजेच घरांची संख्या, आणि शून्यापासून मोजलं की सात घरांसाठी शून्य ते सात, सात वगळून.

निवृत्त_मास्तर

फोरट्रानमध्ये काही न सांगता एकपासून सुरू होतं. पास्कलमध्ये तर आपणच ठरवायचं, एक ते सात म्हणा नाहीतर दहा ते सोळा. लोकांचं काही अडलं नाही.

कडक_भाकरी

आणि इंडेक्स सात मागितला तर? आठवा वार गड्ड्याच्या जत्रेत सुद्धा मिळत नाही, तिथं बाकी सगळं मिळतं.

शून्यापासून

मास्तर, तुमच्या म्हणण्यातूनच सरावाचा एक प्रश्न निघतो. माग क्लासच्या मेथडला वार एक ते सात असाच घेऊ द्या. आत एक वजा करा, आणि तो एक वजा करणं संपूर्ण क्लासमध्ये एकाच प्रायव्हेट मेथडमध्ये असू द्या. हद्दीची तपासणीही तिथेच. मग जावा शून्यापासून मोजते हे बाहेर कुणाला माहीत असायची गरजच नाही. शिवाय ‘ॲरेइंडेक्सआउटऑफबाउंड्स’ असं काहीतरी अंगावर येण्यापेक्षा ‘वार १ ते ७ मधलाच द्या’ असा आपला निरोप जाईल.

जरीकाठ

मागावर बोलताय म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे जकार्डची चादर निघायची. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र काढलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली आणि त्या दोऱ्यानं एकापुढे एक गुंफलेल्या. जिथे भोक तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो, मधून धोटा जातो. एका आडव्या धाग्याला एक पट्टी. पट्ट्यांचा क्रम बदलला की मोराच्या जागी भलतंच काहीतरी. लहानपणी आजोबा त्या पट्ट्यांना हात लावू देत नसत.

हा बूलियनचा दोन मितींचा ॲरेच की! ओळी म्हणजे पट्ट्या, स्तंभ म्हणजे ताण्याचे धागे. ‘नक्षी’ नावाचा क्लास करता येईल.

हुतात्मा_एक्सप्रेस

@जरीकाठ, वा! आणि याच क्लासमध्ये सगळ्यात अवघड जागा सापडते. नक्षीचा गेटर लिहिताना मुलगा शहाणा होऊन क्लोन (ॲरेची नक्कल काढणारी तयार मेथड) वापरून नक्कल परत देईल. त्याला वाटेल झालं काम. पण जावात दोन मितींचा ॲरे म्हणजे ॲरेंचा ॲरे. क्लोननं फक्त बाहेरचा ॲरे नवा होतो, आतल्या ओळी जुन्याच. मिळालेल्या नक्षीत एक भोक बदललं की मूळ नक्षीतही बदलतं. प्रत्येक ओळीची वेगळी नक्कल करावी लागते. एका मितीत क्लोन चालतं, दोन मितींत फसवतं, म्हणून हे दोन प्रश्न लागोपाठ द्यावेत.

दुसरी बाजूही विसरू नका: कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड. बाहेरून ॲरे घेतला आणि ‘धिस.नग = नग’ लिहून मोकळे झालात तर ज्यानं ॲरे दिला त्याच्या हातात तो अजून आहेच. गेटर नसला तरी डेटा उघडा. आधी नक्कल करायची आणि मग त्या नकलेची तपासणी करायची, याच क्रमानं. मूळ तपासून नंतर नक्कल केली तर मधल्या वेळात दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारा प्रोग्रॅमचा दुसरा भाग) मूळ ॲरे बदलू शकतो.

दुसरं_वर्ष

सर, मग रेकॉर्ड (फक्त डेटा ठेवायचा जावाचा आटोपशीर क्लास) वापरलं तर? आम्हाला सांगितलंय की रेकॉर्ड बदलत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस

रेकॉर्ड जावा १६ मध्ये, २०२१ साली पक्कं झालं. त्याचे फील्ड फायनल असतात, आणि फायनलचं वर बोललोच. ॲरे असलेल्या रेकॉर्डनं आपोआप दिलेली मेथड तोच ॲरे हातात देते. कन्स्ट्रक्टर आणि ती मेथड दोन्ही स्वतः लिहून आत नक्कल करावी लागते. शिवाय दोन रेकॉर्डची तुलना केली तर आतल्या ॲरेंचे आकडे बघितले जात नाहीत, तोच ॲरे आहे का एवढंच बघितलं जातं. सारखेच सात आकडे असूनही उत्तर फॉल्स. करून बघ.

पायथॉनप्रेमी

आमच्याकडे प्रायव्हेटची सक्ती नाही. नावाआधी एक अंडरस्कोअर म्हणजे ‘हे आतलं आहे, हात लावू नका’ असा संकेत. दोन अंडरस्कोअर दिले तर पायथॉन नावाला क्लासचं नाव जोडून ते बदलतं, पण ठरवलं तर तिथेही पोचता येतं. तरी या धाग्यातलं सगळं पायथॉनलाही लागू आहे. प्रॉपर्टीतून लिस्ट परत दिली की ती मूळचीच जाते. मी टपल (न बदलणारी यादी) करून देतो. भाषेनं कुलूप दिलं नसलं तरी काय बाहेर द्यायचं हे आपल्याच हातात आहे.

कडक_भाकरी

वर कोड देवनागरीत लिहिलाय ते वाचायला किती गोड वाटतंय. खरंच चालेल काय असा?

शून्यापासून

नावं चालतील. जावात क्लास, मेथड, व्हेरिएबल यांची नावं देवनागरीत ठेवता येतात, पायथॉन ३ मध्येही. प्रायव्हेट, इंट, रिटर्न हे भाषेचे स्वतःचे शब्द मात्र इंग्रजीच लागतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा म्हणजे झालं.

सरावशाळा

किती दिलंत सगळ्यांनी! कालच्या वर्गात मास्तरांची सूचना आणि तोडफोड असे दोन्ही प्रकार करून बघितले. तोडफोड म्हणजे जोड्या लावायच्या. एकानं क्लास लिहायचा, दुसऱ्यानं फक्त मेन लिहून तो मोडायचा. अट एकच, क्लासच्या फाइलला हात लावायचा नाही. मागात ऋण नग घुसवून दाखवले की मोडणारा जिंकला. मग अदलाबदल. मुलं उठायला तयार नव्हती. कन्स्ट्रक्टरमधून घुसायची वाट माझ्याआधी एका मुलीनं शोधली. प्रत करणं मी शिकवण्याआधी मुलांनीच विचारलं, ‘मॅडम, आतला ॲरे न देता आकडे कसे द्यायचे?’ प्रती कधी शिकवाव्यात याचं माझं उत्तर मला तिथे मिळालं: मोडून झाल्यावर.

@प्रॅक्टिकलवाला, साठ मुलांच्या लॅबमध्येही हे होईल. तपासायचं काम जोडीदारच करतो आणि दोन मुलांना एक मशीन पुरतं.

प्रॅक्टिकलवाला

हे मात्र करण्यासारखं आहे. पुढच्या बॅचला करून बघतो. परीक्षेच्या उत्तरात गेटर-सेटर लिहायला सांगणारच, पण खाली एक ओळ लिहायला लावीन: ॲरे असेल तर प्रत द्यावी.

दुसरं_वर्ष

मी एक प्रश्न स्वतः बनवून सोडवला. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव. ‘ढीग’ क्लास, आत गोण्यांचा ॲरे, जास्तीत जास्त शंभर गोण्या, प्रत्येक गोणी वेगळं ऑब्जेक्ट. किती गोण्या भरल्या ते ‘संख्या’ या इंटमध्ये. दोन्ही प्रायव्हेट. मेथड: गोणीठेव, गोणीकाढ (क्रमांक घेऊन), एकूणवजन. गेटर एकही नाही. गोणीकाढमध्ये पुढच्या सगळ्या गोण्या एकेक घर मागे सरकवतो आणि संख्या एकनं कमी करतो. जोडीदाराला मोडता आलं नाही. अजून काही राहिलंय का?

पूर्वभाग

भारी केलंस रे! एक बघ. मागं सरकवल्यावर शेवटच्या गोणीचा संदर्भ दोन घरांत राहतो, एक नव्या जागी आणि एक जुन्या. संख्या कमी झाली म्हणून बाहेर दिसत नाही, पण पुढं ती गोणी काढून टाकलीस तरी जुन्या घरातला संदर्भ तिला धरून ठेवतो आणि गार्बेज कलेक्टर (न लागणारी ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा) तिला उचलत नाही. संख्या कमी केल्यावर त्या घरात नल (‘कुठलाच संदर्भ नाही’) घाल.

हुतात्मा_एक्सप्रेस

आणि जोडीदाराला सांग, गोणीठेवला गोणी दिल्यानंतर ती आपल्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेव आणि तिचं वजन बदल. गोणी क्लासला वजन बदलणारा सेटर असेल तर ढिगाचं एकूण वजन बाहेरून हलेल.

दुसरं_वर्ष

आहे सेटर! काढतो. वजन कन्स्ट्रक्टरमध्येच घेतो आणि फायनल करतो. डबल आहे म्हणून इथे फायनल पुरेल ना?

हुतात्मा_एक्सप्रेस

इथे पुरेल.